काळजाचं काम

ट्रकचा भोंगा कानाशी फुटला तेव्हा प्रेमिला रस्त्याच्या मधोमध होती, आणि पुढच्या क्षणी कडेला. मधलं काही तिला आठवेना. दुपार होती, शाळा सुटून ती जरीपटक्याच्या बाजारातून घरी निघाली होती. संत्र्यांच्या पेट्या रचलेला ट्रक धूळ उडवत निघून गेला, क्लीनरनं बाहेर वाकून एक शिवी हासडली, आणि तिची एक चप्पल रस्त्यात उलटी पडून राहिली. कापडाच्या दुकानातला सिंधी म्हातारा गादीवरून उठून आला. "बहनजी, बैठो, पानी पियो. बाल बाल बच गए." ती पायरीवर बसली, पाणी प्याली. छाती धडधडत होती, गुडघे लटपटत होते, तळहातांना घाम सुटला होता. शरीर चांगलंच घाबरलं होतं. पण ती स्वतः? तिनं आत जरा चाचपून पाहिलं, अंधाऱ्या खोलीत काडेपेटी चाचपावी तसं, आणि हाताला लागलं ते निराळंच होतं. तिथं भीती नव्हतीच. थोडीशी निराशा होती. धावत येऊनही बस चुकल्यावर वाटते तेवढीच, साधी, रोजची. आपल्याला सरकायचं नव्हतं, हे तिला त्या पायरीवर बसल्या बसल्या कळलं. मग सरकलं कोण? पाय तिचेच होते. तिला न विचारता, तिच्या मनाविरुद्ध, ते तिला उचलून कडेला घेऊन आले होते, आणि आता बिचारे अजून थरथरत होते.

हे कधी सुरू झालं ते तिला सांगता आलं नसतं. उन्हाळ्यात खसच्या ताट्या लागल्या तेव्हा असेल, किंवा त्याच्याही आधी. दुःख असतं तर तिनं ओळखलं असतं. आई गेली तेव्हा तिनं दुःख पाहिलं होतं; त्याला वजन होतं, येणं-जाणं होतं, ते रडवायचं आणि रडून झालं की भूक लावायचं. हे तसं नव्हतं. कुणीतरी रोज एकेका वस्तूतला गर काढून नेत होतं आणि टरफलं तेवढी जागच्या जागी ठेवत होतं. दूध उतू जाताना ती स्टोव्हपाशी उभी राहून बघायची. उतू जातंय हे कळायचं, पण भांडं उतरवणारा हात कुठल्या तरी लांबच्या गावाला असायचा. तिचा नवरा रविंद्र रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. सकाळी डबा रिकामाच दिसला तर तो काही न बोलता सायकलवर टांग मारायचा आणि वाटेत पाव-चहा घ्यायचा. शाळेत ती मुलींना विज्ञान शिकवायची, आणि तिथं मात्र तोंड आपोआप चालायचं. अन्ननलिका, जठर, लहान आतडं. खडू फळ्यावर आतड्याची वेटोळी काढत जायचा आणि ती मागे उभी राहून त्या खडूकडे पाहायची.

वडील, धोंडबा, तिच्याकडेच राहत. मिलच्या सूतखात्यात उभी हयात गेलेली, म्हणून कान अधू आणि आवाज मोठा. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी पांढरे कपडे घालून, लहानग्या प्रेमिलाचा हात धरून ते मैदानावर गेले होते, आणि घरी परतल्यावर देवांची फळी त्यांनी आपल्या हातानं भिंतीतून उपटली होती. पुढे त्या भिंतीशी तिची पुस्तकं आली. समजल्याबिगर मानायचं नाही, हा त्यांचा तेव्हापासूनचा नेम. शेजारच्या इंदुताईंनी झाडफूक करणाऱ्या कुण्या जाणत्याचं नाव सुचवलं तेव्हा ते ओसरीतून गरजले, "घरातले देव काढले म्या, इंदुबाई. आता भूत आनून बसवू का?" पण पोरीला काय झालंय हे त्यांनाही समजत नव्हतं, आणि न समजलेल्या गोष्टीचा त्यांना राग यायचा. "नोकरी हाये, घर हाये, जावई सोन्यासारखा हाये. तुले काय होते वं?" ते विचारत. "काहीच नाही बाबा," ती म्हणे. ते अगदी खरं उत्तर होतं.

त्या संध्याकाळी रविंद्र अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होता. ती उंबऱ्यावर बसून म्हणाली, "आज मी ट्रकखाली येत होती."

त्याचा हात थांबला. "लागलं का कुठी?"

"नाही. पाय मागं झाले. पन मले सरकायचं नव्हतं."

त्यानं फडक्याला हात पुसले, पुसलेलेच हात पुन्हा पुसले, आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या सुट्टी टाकतो मी. डॉक्टरकडे जाऊ. पागलखान्यात नाही नेऊन राहिलो तुले. भेऊ नको." तिला भीती वाटतच नव्हती. भीत होता तो. तिला ते दिसत होतं, आणि दिसूनही काही होत नव्हतं.

धंतोलीत डॉक्टर मुंडल्यांचा दवाखाना होता. म्हातारा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, आणि तितक्याच साध्या आवाजात विचारलं, "मरावंसं वाटतं?" तिनं जरा विचार केला. "मरावं असं नाही," ती म्हणाली, "नसावं असं." त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना रोज कुणीतरी सांगून जात होतं. मग त्यांनी गोळी लिहून दिली. "आज घ्याल आणि आजच गुण येईल असं होणार नाही. दोन-तीन आठवडे जातील, कदाचित जास्त. त्रास मात्र लगेच सुरू होईल. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, हात थरथरतील, एकदम उठलात तर अंधारी येईल. सोडू नका." आणि रविंद्रकडे वळून ते म्हणाले, "गोळ्या यांच्या हाती ठेवू नका. तुम्ही काढून देत जा." ही गोळी काय करते नेमकं, असं प्रेमिलानं विचारलं, कुतूहल नव्हतं, शिकवणाऱ्या माणसाची सवय होती. "मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात," डॉक्टर म्हणाले. "तो निरोप ही जरा जास्त वेळ टिकवते, असा आमचा अंदाज आहे. पुरतं कुणालाच माहीत नाही, बाई. पण अनेक माणसं उठून कामाला लागलेली मी पाहिली आहेत."

गोळी इवलीशी होती, तांबूस, साखरेचा लेप दिलेली. जिभेवर क्षणभर गोड लागायची आणि मग मागे कडू. पहिल्या काही दिवसांतच तोंड सुकलं. जीभ टाळूला चिकटायची, वर्गात शब्द सुटा करताना टक् असा आवाज यायचा आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राहायचा, त्याला ओल मिळायची नाही. फळ्यावर रेघ काढताना खडू थरथरे आणि आतड्याच्या वेटोळ्यांना दाते पडत. फळ्यावरचं स्वच्छ दिसायचं, पुस्तकातलं जवळचं अक्षर पुसट व्हायचं. इतकी वर्षं ती हे शरीर खडूनं काढत आली होती, एक डबा, त्याला जोडलेली नळी, पुढे दुसरा डबा, आणि आता त्या नळ्यांमधून कुणीतरी खरोखरच चाललं होतं. ओळखदेख नसलेलं, तांबूस, मुकाट. कधी बोटांत, कधी डोळ्यांत, कधी पोटाच्या तळाशी. जिथे जिथे ते पोचे तिथून शरीर कळवत असे, इथे आलं, इथेही आलं. एका जागेहून मात्र काही खबर नव्हती.

रविंद्र सकाळची गोळी देऊन कामावर जायचा. दुपारची द्यायचं काम धोंडबांकडे होतं. ते गोळी तळहातावर घेऊन दारातल्या उजेडाकडे धरत, पारखून बघत, मगच देत. एका दुपारी ती पाणी पीत असताना ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मले एक सांग. तू मास्तरीन हायेस. गोळी जाते पोटात. मन काही पोटात नाही. मंग थे मनाले सापडते कशी?"

ती सांगू लागली, वर्गातल्याच सपाट आवाजात. लेप जठरात विरघळतो. मग लहान आतडं. त्याला आतून मखमलीसारखी लव असते, त्या लवेतून गोळी रक्तात उतरते. आणि ते रक्त सरळ अंगभर जात नाही. ती थांबली. पुस्तकात यकृत म्हणतात, पण बाबांना घरचाच शब्द कळणार होता. "आतड्याचं सारं रक्त पहिले काळजात जाते, बाबा."

"काळजात?" धोंडबा पुढे सरकले.

"हो. जे काही पोटात गेलं, ते आधी त्याच्यापुढं हजर. परकं काही दिसलं का काळीज ते मोडून टाकते."

"मंग गोळी बी मोडत असंल."

"मोडते. बरीचशी."

"अन् उरली थे?"

"ते रक्तासंग सगळीकडे जाते. डोळ्यात, लाळेत, बोटात. तिले मन सापडत नाही बाबा, तिले कोनी पत्ता नाही देल्ला. ते सगळीच दारं वाजवत जाते. त्याच्यातलंच एक मेंदूचं."

"म्हनून तुयं तोंड सुकते," धोंडबा हळू म्हणाले. "चुकीच्या दारावर बी वाजवते म्हनून."

"म्हनून."

त्यांनी तिच्या हातातलं पाण्याचं भांडं घेऊन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुले याद हाये? थे काळीज?" तिला आठवत होतं. बी.एस्सी.ला असताना यकृताचा धडा आला, तेव्हा ते खाटकाकडून बकऱ्याचं अख्खं काळीज पळसाच्या पानांत बांधून घेऊन आले होते. "आधी शिक, मंग शिजव," म्हणाले होते. स्टीलच्या ताटात तो जड, काळपट तांबडा, ओला गोळा तिनं ठेवला, आणि ब्लेडनं कापून त्यांना एकेक दाखवलं. ही पित्ताची पिशवी, ही आतड्याकडून येणारी नस. आई पलीकडे कांदा चिरत होती आणि हसत होती, की पोरगी बापाला शाळा शिकवून राहिली. त्या दिवशी तिची बोटं त्या गुळगुळीत वजनाखाली गेली होती तेव्हा ती गप्प झाली होती. एवढं सगळं आत चाललेलं असतं आणि बाहेर माणूस नुसता बसलेला दिसतो, असं काहीसं तिच्या मनात आलं होतं. ते वाक्य आताही आठवत होतं. त्या वाक्यात तेव्हा जे होतं ते मात्र आठवणीतून कुणी काढून नेलं होतं.

दिवस जात राहिले. गुण काही येईना. घशात राख, पोटात दगड, आणि आत तीच पोकळी. ती पुन्हा मुंडल्यांकडे गेली ती गोळ्या बंद करायच्या असं ठरवूनच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिचे थरथरते हात टेबलावर पसरायला लावून पाहिले. "तुम्ही विज्ञान शिकवता," ते म्हणाले, "तर एक सांगतो. तुमचं यकृत या गोळीला विष समजतं. मोडायला घेतं. तिचा एक बारीकसा तुकडा तोडतं. आणि तो तोडल्यावर जे मागं राहतं, तेही औषधच असतं. निराळं औषध. आता तर ते वेगळं करून विकतात सुद्धा. म्हणजे तुमच्या डोक्यापर्यंत दोन औषधं पोचतात. एक आम्ही दिलेलं, आणि एक तुमच्या शरीरानं तुमच्यासाठी केलेलं. आणखी थोडे दिवस द्या त्याला."

परतताना सायकलरिक्षात ती हेच मनात घोळवत होती. शत्रू म्हणून धरायचं, मोडायचं, आणि मोडता मोडता त्याचं औषध होऊन जायचं. कुणी शिकवलं काळजाला? जगात ही गोळी जन्मली त्याच्या लाखो वर्षं आधीपासून ते हे काम जाणून होतं. नको म्हणणारी ती वर बसली होती, आणि खाली, तिच्याच उजव्या बरगडीआड, अंधारात, कुणी तिच्यासाठी राबत होतं. हे थक्क व्हावं असं आहे, हे तिला कळलं. फॉर्मलिनच्या बरणीवरची चिठ्ठी वाचावी तसं कळलं, की आत जे आहे त्याला आश्चर्य म्हणतात. पण काच मध्ये होती. तरी तिनं गोळ्या सोडल्या नाहीत. घरी आल्यावर धोंडबांना तिनं ते सांगितलं तेव्हा ते तोंड उघडं टाकून ऐकत राहिले आणि दिवसभर मधूनच आपल्याशी म्हणत राहिले, "मोडाले जाते, अन् घडवते. बाप रे बाप."

सुट्टीचा दिवस होता, सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. रविंद्र आत दाढी करत होता. प्रेमिला भाजी निवडत होती, म्हणजे जुडी पुढ्यात घेऊन बसली होती. नळाखाली बादली भरून वाहू लागल्याचा आवाज आला आणि तो थांबेना. "बाबा, नळ बंद करा," ती म्हणाली. उत्तर आलं नाही. ती बाहेर गेली तर धोंडबा नळापाशी आडवे पडले होते, पाणी त्यांच्या धोतराखालून वाहत होतं, आणि डोळे अर्धवट उघडे होते.

ती कशी पोचली तिला कळलं नाही. तिनं त्यांना काखेत धरून कोरड्या जागी ओढलं. इतक्या महिन्यांत पाण्याचा हंडा उचलणं जिला जड जात होतं तिनं. नाडी पळत होती. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या उन्हातही मोठ्या, काळ्याभोर. ओठ फुटलेले, जीभ चामड्यासारखी. ती जीभ तिनं ओळखली. ती रोज तिच्याच तोंडात होती.

"बाबा! काय घेतलं तुमी?"

"तुयावाल्या," धोंडबा पुटपुटले. "दोन. सकाळी. म्या म्हटलं... कुठी कुठी जाते... पाहू त खरं."

"आवो!" ती ओरडली. "धावा! डॉक्टरले आना!" गालाला अर्धा साबण तसाच घेऊन रविंद्र सायकलवर बसला. तिनं बादली उपडी करून बाबांचे पाय त्यावर उंच ठेवले, पदरानं वारा घातला, त्यांच्या मनगटावरची बोटं काढली नाहीत. वस्तीतला डॉक्टर आला, त्यानं रक्तदाब पाहिला, छाती ऐकली. दाब उतरला होता, उठताना चक्कर आली होती. दोनच होत्या म्हणून बरं, या वयात जास्त गेल्या असत्या तर हृदयावर आलं असतं, असं तो म्हणाला. आज उठू द्यायचं नाही, झोपू द्यायचं, जवळ कुणीतरी बसायचं.

तो गेला. धोंडबांना खाटेवर नीट निजवलं. आणि मग प्रेमिलाचा आवाज फुटला. "अक्कल हाये का तुमाले? लहान पोट्टे हाये का तुमी? कोनी सांगतलं होतं खाले? हृदय बंद पडलं असतं म्हंजे? मी काय केलं असतं, सांगा ना! मी कोनाकडे पाह्यलं असतं?" आवाज भिंतीपलीकडे गेला, इंदुताई दारात येऊन उभ्या राहिल्या. तिच्या कानशिलात रक्त ठणकत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती श्वास घ्यायला थांबली, आणि तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. घरात घुमत असलेला, तापलेला, ओळखीचा. या घरात ती कित्येक महिन्यांत असं बोलली नव्हती. दाराशी रविंद्र उभा होता, साबण गालावर वाळलेला.

"बोल," तो म्हणाला. "आनखी बोल."

ती खाटेशी बसली. धोंडबांना झोप लागली होती, जड, तोंड उघडं असलेली. ऊन खिडकीतून त्यांच्या छातीवर आलं. ती छाती वर जाताना प्रेमिला बघे, आणि ती खाली येऊन पुन्हा वर जाईपर्यंत तिची बोटं खाटेची कड घट्ट धरून ठेवत. ही भीती आहे, तिला कळलं. चिठ्ठी वाचून नाही. भीतीनंच तिला धरलं होतं, दोन्ही हातांनी, गदागदा. हा म्हातारा मरू शकतो. तो मरायला नको आहे. नको म्हणायला आत कुणीतरी होतं. कधी आलं ते? काल होतं का? गोळीनं कुठल्या वेळी ते दार वाजवलं, कुणी उठून उघडलं? तिला काही चाहूल लागली नव्हती. गवत रात्रीतून उगवावं तसं ते तिच्या पाठीमागे उगवून उभं राहिलं होतं.

तिनं हात पुढे केला आणि वडिलांच्या उजव्या बरगडीखाली ठेवला. ऊब होती. सदऱ्यातून, वाळल्या कातडीतून, ऊब वर येत होती. आत, उजेडाचा कण जिथं कधी पोचला नाही तिथं, ते ओलं काळपट वजन या क्षणी कामाला लागलेलं होतं. मिलमध्ये राबून झिजलेल्या, अंगठा सोडून सही शिकलेल्या, त्या गोळीचं नावही उच्चारता न येणाऱ्या या माणसाचं काळीज तिचा तो नेमका तुकडा शोधून तोडत होतं. न चुकता. न विचारता. तेच तिच्याही आत चालू होतं, तिच्या तेवढ्याच उजवीकडे, आणि दाराशी उभ्या रविंद्रच्या, आणि इंदुताईंच्या, आणि बाहेर रस्त्यानं ओरडत चाललेल्या भाजीवाल्याच्या. साऱ्या वस्तीत, साऱ्या शहरात, उन्हात हिंडणाऱ्या एवढ्या माणसांच्या आत, अंधारात. आता मध्ये काच नव्हती. ती नुसती बसून राहिली, हात तिथंच, आणि तिला वाटलं की आपण मोठ्यानं बोललो तर त्या कामात व्यत्यय येईल.

"काय पाहून राहिली?" रविंद्र जवळ येऊन हळूच म्हणाला.

"इथं हात ठेवा," ती म्हणाली. त्यानं ठेवला. तिनं त्याला काही समजावलं नाही.

ऊन छातीवरून भिंतीवर सरकलं तेव्हा धोंडबांनी डोळे उघडले. त्यांनी ओठ हलवले, जीभ सुटेना. रविंद्रनं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्या हाती दिला, पाठीला उशी लावून दिली. ते तांब्या धरून तसेच राहिले, तोंडातल्या तोंडात काहीतरी चाचपत.

"रेती भरली तोंडात," ते अखेर म्हणाले. मग त्यांनी पोरीकडे पाहिलं. "तुले असंच होते?"

"हो."

"रोज?"

"रोज, बाबा."

"अन् तू त्याच तोंडानं शाळेत शिकवतं. भाकर खातं. मले काळीज समजावून सांगतं." त्यांचा मोठा आवाज इतका खाली गेला की तो त्यांना स्वतःलाही ऐकू आला नसेल. "म्या रोज हातानं देल्ली गोळी. मले मालूम नव्हतं वं."

तांब्या त्यांच्या ओठांपाशी होता. त्यांनी तो खाली घेतला, तिच्यापुढे धरला.

"आधी तू पे," ते म्हणाले.